असोपसच्या पात्रातले कोळसे

"दिली, की नेली?"

लाम्पोन उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच म्हाताऱ्याने हात वर केला.

"मला नको. पाण्यात उतर, हात बुडव आणि त्याला सांग. मी नुसता विचारायला बसलोय."

त्याला म्हणजे असोपसला. समोरून वाहणाऱ्या पाण्याला.

आपल्याकडे नदी आई असते. ग्रीकांच्या मुलखात ती बाप असते. तिथल्या नद्या म्हणजे दाढीवाले, कपाळावर बैलाची शिंगं असलेले देव. त्यांना बायका होत्या, मुलगे होते, आणि मुली तर फारच होत्या. मुलींच्या बापांना जे जे भोगावं लागतं, ते सारं या देवांनी भोगलेलं होतं.

म्हणून त्या गावात एक रीत पडली होती. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या बापाने उंच मानेची सुरई घेऊन असोपसच्या काठी यायचं. एका बापाने दुसऱ्या बापाच्या कानावर घालायचं, की माझ्या घरी लग्न आहे, मुलीच्या न्हाण्याला पाणी दे. काठावर जो वृद्ध बसलेला असेल त्याने एकच प्रश्न विचारायचा. बापाने 'दिली' म्हटलं तर सुरई भरायची. 'नेली' म्हटलं तर सुरई रिकामी परत जायची. आणि त्या पाण्याशिवाय लागलेलं लग्न गाव लग्न मानत नसे. तसा नवरा मग नवरा नव्हे, पोर पळवणारा.

"आजवर कुणी 'नेली' म्हटलंय, बाबा?" लाम्पोनने विचारलं.

"माझ्या वेळेत तरी नाही."

"सगळे 'दिली'च म्हणाले?"

"सगळे."

"मग विचारता कशाला?"

"रीत आहे." म्हातारा लव्हाळ्याची चटई विणत होता. त्याची बोटं थांबली नाहीत. "कधीकधी वाटतं, उत्तर ऐकून पाणी जरा गप्प होतं. पण ते माझ्या कानांचं असेल. कान गेलेत आता."

या म्हाताऱ्याचं नाव फानियास. सारं गाव त्याला बाबा म्हणे. ऐन उमेदीत तो देवांच्या वंशावळी गात फिरायचा, आणि लाम्पोनला त्यानेच घडवलं होतं. पुढे गुरूने गाणं सोडलं आणि तो काठावर येऊन बसला. शिष्याने गाणं पुढे नेलं आणि तो बड्या लोकांच्या पंगतीला बसू लागला. कोणत्या नदाची कोणती मुलगी, ती कोणत्या देवाने नेली, तिच्या पोटी कोण जन्मलं, हे लाम्पोनइतकं त्या मुलखात कुणाला येत नव्हतं. आणि हे लाम्पोनला ठाऊक होतं.

'दिली.' एवढंच म्हणायचं होतं. वाटेत त्याने तो शब्द म्हणून पाहिला होता. सोपा शब्द. शेकडो माणसांच्या दिवाणखान्यात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्याचा आवाज. त्याला हा शब्द जड का जावा?

तरीही तो पाण्यात उतरेना.

"आधी आशीर्वाद द्या, बाबा."

"पाणी घ्यायला आशीर्वाद लागत नाही."

"मनाला बरं वाटतं."

"म्हणजे मन बरं नाही."

लाम्पोन हसला. हसणं फार टिकलं नाही. थंडीचे दिवस होते. आभाळ राखेसारखं, पाणी त्याहून काळं. मागे उंचावर, पानं झडलेल्या झाडांखाली, एक घोडेस्वार उभा होता. तो लाम्पोनबरोबर आला होता. बोलत मात्र नव्हता.

"तो कोण?"

"गोर्गोसचा माणूस. सोबतीला दिलाय."

"तुझ्या सोबतीला, की सुरईच्या?"

"बाबा..."

"बघू इकडे ती."

लाम्पोनने सुरई पुढे केली. म्हाताऱ्याने ती डोळ्यांजवळ नेली, सावकाश फिरवली.

"ही तुझ्या घरची नव्हे."

"गोर्गोसने पाठवली. कोरिंथची आहे, बाबा. चित्रं बघा काय काढलीत."

"न्हाण्याची सुरई मुलीच्या बापाने घ्यायची असते."

"अशी मला परवडली नसती."

"साधी मातीची चालते."

"त्यांच्या दारात साधी शोभली असती होय?"

म्हातारा चित्रं बघत राहिला. नवरा, नवरी, पाठीमागे मशाली.

"याने तिला कुठे धरलंय?"

"मनगटाला." लाम्पोन घाईने म्हणाला, "असंच काढतात ते. सगळ्याच सुरयांवर असंच असतं."

"हो. सगळ्याच सुरयांवर."

त्याने सुरई दगडावर ठेवली आणि पुन्हा चटई हातात घेतली.

गोर्गोस म्हणजे गावाबाहेरच्या साऱ्या कुरणांचा मालक. घोडे त्याचे, हत्यारबंद माणसं त्याची, आणि गावच्या सभेत वर होणारे हातही बहुतेक त्याचेच. त्याच्या दोन बायका आधी गेल्या होत्या. एक बाळंतपणात गेली. दुसरीबद्दल गाव बोलत नसे. लाम्पोनची मुलगी मिर्टो त्याने एका उत्सवात नाचताना पाहिली. थोड्याच दिवसांत निरोप आला, 'लग्नाची गाडी पाठवतो.' त्यात विचारणं नव्हतं. निरोपाच्या शेवटी मात्र एक गोड वाक्य होतं. 'यापुढे आमच्या दिवाणखान्यात, शेकोटीजवळ, लाम्पोनच गाईल.'

असं कुणाकडून बोलावणं यावं, म्हणून लाम्पोनने उभी हयात वाट पाहिली होती. ते आलं, आणि त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

"मिर्टो काय म्हणते?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"एकदाच बोलली. म्हणाली, 'तुम्ही नाही म्हणालात का?'"

"मग?"

"मी म्हटलं, मला कुणी विचारलंच नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. "खरं बोललास."

"हो ना?" लाम्पोनला जरा धीर आला. "खोटं नाही बोललो मी तिच्याशी. पण तेव्हापासून ती गप्प आहे."

म्हाताऱ्याने चटईवरून नजर उचलली.

"असे बघू नका, बाबा. तुमचंच शिकवलेलं सांगतो. नदांची घरं बघा. एक तरी घर असं आहे का, जिथून मुलगी गेली नाही? मूळ पुरुष ओकेआनोस, त्याची बायको टेथिस. हजारो नद त्यांचे मुलगे, आणि..."

"ती दोघं रुसलेली आहेत. कित्येक युगं एका अंथरुणावर निजत नाहीत. ते गातोस का?"

"लग्नात नाही गात."

"का?"

"अशुभ."

म्हातारा खोकल्यासारखं हसला. "मूळ घरातच अबोला, आणि आपण पुढची वंशावळ गात सुटलोय. बरं. असोपसच्या मुली सांग."

हे लाम्पोनच्या हातचं होतं. त्याने छाती भरून घेतली.

"कोर्किरा, समुद्रदेव पोसायडनने नेली. सलामिस, पोसायडननेच नेली. थीबी, झ्यूसने नेली. एजिना, थोरली नव्हे पण सगळ्यांत लाडकी, देवांचा राजा झ्यूस ज्वाळेच्या रूपाने आला आणि..."

"नेली."

"हो."

"दिली कुठली?"

लाम्पोन आठवू लागला. त्याला सगळं पाठ होतं, तरी वेळ लागला.

"एकही नाही," तो म्हणाला. मग लगेच, "पण काय वंश निघाले, बाबा! एकीचं बेट झालं, एकीचं शहर झालं. एजिनाच्या पोटी राजा जन्मला, आणि त्याच्या घरात पुढे वीरच वीर. ती बापाच्या घरी बसून राहिली असती तर?"

"तर?"

"तर... गाणंच झालं नसतं."

"नेताना ती काय म्हणाली?"

"कोण?"

"एजिना."

"ते गाण्यात नाही."

"घालायचं होतंस."

"तुम्हीही घातलं नव्हतंत."

"नाही घातलं," म्हातारा म्हणाला. लव्हाळ्याची एक काडी मोडली. त्याने ती बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

पाणी दगडांना लागून चाललं होतं. वरून घोडं फुरफुरलं.

"एक सुटली ना पण," लाम्पोन म्हणाला. "सिनोपी. तिने आधी झ्यूसकडून वचन घेतलं, मागेन ते देईन म्हणून. आणि मागितलं काय, तर मला कुणी हात लावायचा नाही. बसला हात चोळत! या ठिकाणी लोक फार हसतात."

"तिच्या बापाने काय केलं?"

"बाप त्या गोष्टीत नाहीच."

लाम्पोनने पाय बदलला. बोलण्यात आपण हरत नाही, असा त्याचा लौकिक होता. आज प्रत्येक गोष्ट हातात घेतली की उलटी होत होती.

"बरं, पेनेउसचं घ्या. तो तर होता ना गोष्टीत? अपोलो देव त्याच्या डॅफ्नीच्या मागे लागला. पोरगी धावत बापाच्या काठावर आली, वाचव म्हणाली. बापाने ऐकलं. त्याचं फळ काय? पाय जमिनीत रुतले, हातांच्या फांद्या झाल्या. लॉरेलचं झाड होऊन उभी आहे. मग देशोदेशीचे नद त्याला भेटायला आले. आले, आणि दारातच अडखळले. मुलगी वाचली म्हणून आनंद करायचा, की गेली म्हणून दुखवटा? एकालाही कळेना. खाली माना घालून बसले आणि आपापल्या समुद्राच्या वाटेला लागले. सांगा मला, मुलीचं ऐकून काय मिळवलं त्याने?"

"कोण आलं नव्हतं भेटायला?"

"इनाकस." लाम्पोनचा आवाज आपोआप हळवा झाला. हा भाग त्याच्या खास आवडीचा. "त्याची मुलगी आयो हरवली होती. जिवंत आहे की नाही, तेही कळत नव्हतं. तो आपल्या गुहेत खोल बसला होता आणि रडून रडून आपल्याच पाण्यात भर घालत होता. पुढे ती आली, पण झ्यूसमुळे गाय होऊन. त्याचा हात चाटू लागली. त्याने ओळखलं नाही. मग तिने खुराने धुळीत आपलं नाव..."

"हा भाग तू छान गातोस."

"लोक रडतात, बाबा."

"मिर्टो?"

"पूर्वी रडायची." लाम्पोन थांबला. "हल्ली मी तो सुरू केला की ती पाणी आणायला उठते."

म्हाताऱ्याने नवी काडी ओवली. लाम्पोनला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हीच ठरवा मग!" तो एकदम म्हणाला. "ज्याने ऐकलं, त्याची मुलगी झाड झाली. जो रडत बसला, त्याची गाय होऊन दारात आली. आणि जो मागे धावला..." त्याने पाण्याकडे बोट केलं. "त्याचं काय झालं ते तर इथे उतरलं की पायाला टोचतं."

हे खरं होतं. असोपसच्या पात्रात काळे, धारदार खडे असत. गाव म्हणे, ते कोळसे आहेत. मुलीसाठी असोपस झ्यूसच्या मागे धावला, तेव्हा झ्यूसने वीज हाणली. जळलेला बाप लंगडत माघारी आला आणि आपल्या खाचेत पडला. तेव्हापासून त्याच्या पात्रात कोळसे सापडतात.

"बळी तो कान पिळी," लाम्पोन म्हणाला. "सगळ्या नदांच्या घरची हीच गोष्ट. आणि एवढं भाजून घेऊन तरी हा लेकीजवळ पोचला का? एजिनाचं बेट पूर्वेच्या आखातात. हा जाऊन पडतो उत्तरेच्या आखातात. मध्ये कोरिंथची अख्खी जमीन आडवी. जन्मभर वाहतोय, आणि मिळतोय कुठे? चुकीच्या समुद्राला!"

"हो."

"रोज!"

"हो. रोज."

"अशाला मूर्ख म्हणतात."

"म्हणतात काही जण."

लाम्पोन खाली बसला. दगड गार होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मऊ हात, वीणा धरणारे.

"मला वीज नको, बाबा," तो हळूच म्हणाला. "गोर्गोस काय करतो तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वर्षी एकाने कुरणाचा वाद घातला, त्याचं घर... मी गाणारा माणूस आहे. भांडण मला कधी जमलं नाही. मला भीती वाटते."

"मलाही वाटली असती."

"मग सांगा ना, 'दिली' म्हण."

"ते नाही सांगता येणार."

"मग 'नेली' म्हण, असं तरी सांगा!"

"तेही नाही."

"का?"

"मला ठाऊक नाही म्हणून." म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "मला मुलगी नाही, लाम्पोन. उगीच शहाणपणा करीन, तू तसं वागशील, आणि त्याचं भलतंच होईल. घरी जाशील तेव्हा भोगायला तूच असशील. मी इथे असेन, चटई विणत. कुणाला सांगायला मी कोण?"

हे ऐकून लाम्पोनला राग आला. गुरूकडे यायचं, आणि गुरूने आपल्याइतकंच घाबरलेलं असायचं?

"आटपा की, गायकबुवा!" वरून स्वार ओरडला. पहिल्यांदाच बोलला तो. "पाणी भरताय की नदीची बारशापासूनची हकिगत ऐकताय? गारठलो इथे!"

लाम्पोन उठला. सुरई उचलली आणि पाण्यात उतरला.

थंडी घोट्यांतून वर चढली. तळाचे खडे तळव्याला लागले. तो गुडघ्यापर्यंत गेला, डाव्या हाताने सुरई धरली, वाकून उजवा हात बुडवला. मग त्याने ते ठरलेले शब्द सुरू केले. गावच्या प्रत्येक बापाने म्हटलेले.

"असोपसा, ओकेआनोसच्या लेका, तू बाप आहेस. मीही एका मुलीचा बाप..."

आवाज तिथेच थांबला.

घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच शब्दावर आला, आणि पुढचं येईना. पाठ असलेलं गाणं विसरायची ही त्याची पहिली वेळ होती.

हात बधिर होत चालला होता.

"बाबा," मान न वळवता तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"हा धावला तेव्हा याला ठाऊक होतं का, मुलगी कुणी नेली ते?"

"तूच सांग. गाणं तुझं आहे."

लाम्पोन तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागला. गात नव्हता, नुसता क्रम लावत होता. मुलगी सापडत नाही. बाप गावोगाव विचारत फिरतो. सगळ्यांनी पाहिलेलं असतं, बोलत कुणी नाही. मग कोरिंथच्या गडावर सिसिफस भेटतो. लबाडांचा राजा. तो म्हणतो, मला ठाऊक आहे कोण ते. पण माझ्या गडावर पाणी नाही, तिथे झरा दे, मग नाव सांगतो. असोपस झरा देतो. सिसिफस नाव सांगतो...

"मग धावतो," लाम्पोन म्हणाला.

म्हातारा ऐकत होता.

"आधी नाव. मग धावणं."

"हो."

"मी हे एका दमात म्हणतो नेहमी. लोक विजेची वाट बघत असतात."

"मीही एका दमातच म्हणायचो."

"म्हणजे झ्यूस आहे, हे त्याला ठाऊक होतं."

"हो."

"वीज कुणाच्या हातात असते तेही."

"ते सगळ्यांनाच ठाऊक असतं."

लाम्पोन वाकलेलाच राहिला. पाणी त्याच्या बोटांमधून जात होतं, उत्तरेकडे. घाई नव्हती त्याला, आणि थांबतही नव्हतं.

"मग का धावला?"

वर घोड्याने पाय आपटला.

"नेली," लाम्पोन म्हणाला.

इतक्या हळू, की ते त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"हात पाण्यात होता का?" म्हाताऱ्याने विचारलं.

लाम्पोनने पाहिलं. हात केव्हाच वर आला होता. लाल पडला होता, थेंब गळत होते.

तो परत वाकला. हात मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत बुडवला. छाती भरून घेतली. आणि ज्या आवाजाने तो दिवाणखान्यांतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा, त्याच आवाजात म्हणाला,

"माझी मुलगी मी दिलेली नाही. तिला नेतायत."

वर स्वाराने मान उचलली.

क्षणभर तो खाली बघत राहिला, आपण ऐकलं ते खरं की काय असं. मग शिवी हासडली, लगाम खेचला, घोड्याचं तोंड गावाकडे वळवलं आणि टाच मारली. टापांचा आवाज कमी कमी होत गेला.

लाम्पोन पाण्याबाहेर आला. पायाला कुठेतरी कापलं होतं. रिकामी सुरई कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. शेवटी ती त्याने काठावर आडवी केली. त्याचे दात वाजत होते.

म्हाताऱ्याने अर्धी विणलेली चटई उचलून त्याच्या खांद्यावर टाकली. ऊब तिच्यात काय असणार? पण दुसरं काही नव्हतं.

"तो सांगायला गेला," लाम्पोन म्हणाला.

"हो."

"आता ते उद्याची वाट बघणार नाहीत."

"नाही बघणार."

"मी दार लावून घेईन. ते तोडतील."

"तोडतील."

"मला मारतील."

"मारतील बहुतेक." म्हाताऱ्याने हात एकमेकांत गुंतवले होते. "मी तुझ्याबरोबर येतो. माझा उपयोग काही नाही. वाटेत तुलाच मला धरून न्यावं लागेल."

"आणि एवढं करून," लाम्पोनचा आवाज फुटला, "मिर्टोला ते नेतीलच ना?"

म्हातारा पाण्याकडे बघत राहिला.

"नेतील," तो म्हणाला.

"मग फरक काय पडला, बाबा? सांगा ना. मी इथे ओरडलो, त्या गिधाडाने ऐकलं, माझं घर जाईल, मी जाईन, आणि पोरगी जायची ती जाणारच. मग 'दिली' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तिला काय फरक पडणार आहे?"

म्हाताऱ्याने काठी शोधली. दगडावर हात टेकून तो उठला. त्यात बराच वेळ गेला. चार पावलं चालल्यावर तो थांबला, श्वास घेतला. बोलावं की नाही, असं त्याचं काहीतरी चाललं होतं.

"ती गाडीतून मागे वळून बघेल," तो म्हणाला, "तेव्हा रस्त्यावर कुणीतरी धावत येत असेल."